न फुटलेलं

मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी शाळेच्या स्वयंपाकघराच्या दारावर एक कागद चिकटवलेला सापडला. चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी, खाली गोल शिक्का. मावशीने तो कुलूप उघडायच्या आधी वाचला, उघडल्यावर पुन्हा वाचला आणि किल्ली कुलपातच विसरून आत गेली.

मावशी म्हणजे शाळेची स्वयंपाकीण. अकरा वर्षं ती मुलांची सकाळची मोफत न्याहारी करत होती. रोज पाव आणि दूध. मंगळवारी आणि शुक्रवारी त्याच्या जोडीला एक उकडलेलं अंडं. दोनशे सहा मुलं. साडेसातला खिडकीसमोर रांग लागायची, आठला शाळेची घंटा व्हायची. मदतीला तिची धाकटी जाऊ होती. ती आली तेव्हा मावशी मोठ्या पातेल्याकडे बघत नुसतीच उभी होती.

"किल्ली बाहेरच राहिली की तुझी," जाऊ म्हणाली. "आणि दारावर ते काय लावलंय? आपल्याला हाकललं की काय?"

"अंडी सोलून द्यायचीत."

"कुणी सोलायची?"

"तू आणि मी. का, तो शिक्का येणारे सोलायला?"

जाऊ बाहेर जाऊन मोठ्याने वाचू लागली. "सकाळच्या मोफत न्याहारीतील उकडलेले अंडे विद्यार्थ्यास सोलूनच देण्यात यावे. सदर खाद्यपदार्थ लाभार्थ्याने जागेवरच सेवन करावा. तो घरी नेल्यास गैरवापर समजण्यात येईल." ती आत आली. "अंड्याचा गैरवापर कसा करतात गं? डोक्यात घालतात कुणाच्या?"

एरवी मावशी हसली असती. त्या दिवशी तिने पातेल्यात पाणी सोडलं आणि नळ इतका जोरात फिरवला की अर्धं पाणी तिच्याच अंगावर आलं.

कागद कुणामुळे आला ते तिला ठाऊक होतं. तिच्यामुळेच.

या स्वयंपाकघराची एक रीत होती. कुठल्याही कागदावर नव्हती, पण पक्की होती. एवढी अंडी एकदम उकडली की काही तडकतातच. मावशी तडकलेली एका परातीत काढायची, धड असलेली दुसऱ्या. मुलं रांगेतून खिडकीशी यायची. बहुतेक जण काही न बोलता थाळी पुढे करायचे. त्यांना तडकलेलं मिळायचं, ते बाकावर बसून सोलून खायचे. पण काही मुलं थाळी पुढे करताना हळूच म्हणायची, "मावशी, न फुटलेलं."

पहिल्या वर्षी मावशीला वाटलं, नखरे आहेत. मग एकदा तिने पाहिलं की न फुटलेलं मागणारी मुलं अंड्याला हातच लावत नाहीत. पाव दुधात बुडवून खातात आणि अंडं खिशात टाकतात. तडकलेलं अंडं खिशात टिकत नाही. दुपारपर्यंत त्याचा चुरा होतो. न फुटलेलं घरी पोचतं. घरी कुणी शाळेच्या वयाचं नसलेलं भावंड असतं, कुणाची अंथरुणावरची आजी असते. मावशीने त्यानंतर कधी कुणाला विचारलं नाही. दुसरी परात तेवढी खिडकीच्या जवळ सरकवून ठेवली.

आणि मागच्या मंगळवारी तपासनीस आले. न्याहारीची पाहणी करायला वरच्या कार्यालयातून आलेला मऊ आवाजाचा माणूस, वहीत बारीक अक्षरात लिहिणारा. त्याने दुधाची चव घेतली, पाव दाबून पाहिला, मावशीच्या नखांकडे पाहिलं. सगळं छान म्हणाला. तेवढ्यात मागच्या दारातून माळीकाका आले. शाळेची बाग सांभाळणारे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी अंड्यांची टरफलं झाडांना घालायला न्यायचे, आणि दर वेळी तोच विनोद करायचे. त्या दिवशीही केला.

"दोनशे अंडी आणि टरफलं एवढीशी? बाकीची अंडी चालत घरी गेली वाटतं."

मावशीने गप्प बसायचं होतं. पण नुकतंच कौतुक झालेलं, अंगावर मूठभर मांस चढलेलं. ती म्हणाली, "गेलीच तर. शहाणी आहेत माझी पोरं. घरच्या धाकट्याला घातल्याशिवाय घास उतरत नाही त्यांच्या गळ्याखाली."

"वा," तपासनीस म्हणाले. "साधारण किती मुलं नेत असतील?"

"साठ-सत्तर तरी असतील," मावशी म्हणाली. खरी चाळीसच्या आसपास होती. पोरांची बाजू मोठी दिसावी म्हणून तिने आकडा फुगवून सांगितला. तपासनीसांनी तो बारीक अक्षरात उतरवून घेतला.

आठ दिवसांनी कागद आला.

उकडलेलं अंडं गार पाण्यात टाकलं तरी आतून बराच वेळ गरम राहतं. दोघी जावा खाली पाट टाकून बसल्या आणि सोलू लागल्या. तीस-चाळीस अंडी झाली तेव्हा बोटांची टोकं लाल झाली. टरफलाचा बारीक तुकडा मावशीच्या अंगठ्याच्या नखात शिरला. सोललेली अंडी परातीत एकमेकांना चिकटून बसली, ओलसर आणि खरवडलेली, कुणाचा पांढरा भाग निघालेला, कुणाचा पिवळा उघडा पडलेला. स्वयंपाकघरभर असा वास सुटला की जावेने पदर नाकाला लावला.

"हे खाणार आहेत का पोरं?"

"जागेवर सेवन करणार आहेत," मावशी म्हणाली.

साडेसातला खिडकी उघडली. पहिल्या पोराने थाळीत पाहिलं. "मावशी, हे कुणी चावलंय?"

"गप खा."

विसाव्या-बाविसाव्या नंबरावर सतरा आली. चौथीतली, अंगाने किडकिडीत. सतराच्या पाढ्यावर ती एकदा वर्गात अडकली होती, आणि तेव्हापासून रांगेत उभी राहून तो घोकत असायची. म्हणून मावशीने तिचं नावच सतरा ठेवलं होतं. तिच्या घरी तीन वर्षांची धाकटी बहीण होती. सतराने थाळी पुढे केली आणि रोजच्या सवयीने म्हणाली, "मावशी, न फुटलेलं."

मावशीने तिच्याकडे पाहिलं नाही. पळीने एक सोललेलं अंडं उचलून थाळीत ठेवलं.

"न फुटलेलं," सतरा पुन्हा म्हणाली. मावशीला ऐकू आलं नसेल असं तिला वाटलं.

"आज नाही. पुढे हो."

मुलगी पुढे झाली. बाकावर बसून तिने पाव खाल्ला, दूध संपवलं. मग इकडे तिकडे पाहून ते ओलं अंडं वहीच्या कागदात गुंडाळलं आणि खिशात घातलं. मावशीने पाहिलं आणि पाठ फिरवली.

साडेदहाला माळीकाका बादली घेऊन आले. टरफलं बादलीत मावेनात. त्यांनी पायाने दाबून पाहिलं, वरची खाली सांडली. आज विनोद केला नाही.

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा भरली," ते म्हणाले.

"घाला आता झाडांना. फुलं येऊ देत तुमची."

"मावशी, मला काय ठाऊक तो माणूस..."

"तुमचं काय चुकलं? तुम्ही तर दर वेळी तेच बोलता. तोंड माझं उघडलं."

माळीकाका जायला निघाले नाहीत. बादलीची कडी हातात फिरवत उभे राहिले. "चौथीच्या खिडकीखाली पाणी घालत होतो मघाशी. ती तुमची पाढेवाली आहे ना, तिच्या खिशात अंडं फुटलं. वास सुटला वर्गात. त्यांच्या बाईंनी खिसा उलटा करायला लावला, सगळ्यांसमोर. टेबलावर."

"मग?"

"मग काय. पोरं हसली. तिला पुसायला लावलं ते."

मावशीच्या हातात दुधाचं भांडं होतं. तिने ते खाली ठेवलं, अगदी सावकाश, आवाज न करता. जाऊ नंतर म्हणाली की तेव्हा तिला खरी भीती वाटली. आदळलं असतं तर बरं झालं असतं.

बुधवारी सतरा रांगेत नव्हती. गुरुवारीही नव्हती. अंड्याचे दिवस नव्हते ते, नुसता पाव आणि दूध; त्यालाही ती आली नाही. आठला घंटा झाल्यावर फाटकातून पळत यायची आणि थेट वर्गात जायची. तिच्या वर्गातली दोन पोरं रांगेत एकमेकांना ढोसत कोंबडीचा आवाज काढत होती. मावशीने त्यांना पाव वाढताना असं पाहिलं की दोघांचे आवाज तिथेच बसले.

गुरुवारी दुपारी ती मुख्याध्यापिकेच्या खोलीत गेली. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. मावशीच्या हातात दोन कागद होते. एक नवा, दारावरचा. दुसरा जुना, काचेच्या चौकटीतला, स्वयंपाकघराच्या भिंतीवरून खिळ्यासकट काढलेला. तिने दोन्ही टेबलावर ठेवले.

"हा म्हणतो, शिजवलेल्या अन्नाला हात लावायचा नाही. आणि हा म्हणतो, अंडं सोलून द्या. मी कुठला पाळू?"

मोठ्या बाईंनी चष्मा लावला, दोन्ही वाचले, चष्मा काढला. "दोन्ही."

"मग अंडं सोलू कशाने? दाताने?"

"हातमोजे मागवू."

"कधी?"

"मागणी पाठवते." बाईंनी सुस्कारा सोडला. "मावशी, बसा जरा."

"उभीच बरी आहे मी."

"मला काय माहीत नव्हतं असं वाटतं का तुम्हाला? या खिडकीतून सगळं दिसतं. इतकी वर्षं मी डोळ्यांवर कातडं ओढून बसले, आणि तुमच्या पोरांची अंडी घरी गेली. तोंडी आहे तोवर सगळं चालतं. आता लेखी आलं. लेखी आलं की मला दिसायला लागतं, माझा इलाज नसतो."

"त्या पोरीचा खिसा उलटा केला, तेही लेखी आलं होतं?"

बाईंनी चष्मा मिटून टेबलावर ठेवला. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "त्या बाईंशी मी बोलले. चुकलंच त्यांचं. पण उद्या तपासनीस येतायत, अंमलबजावणी बघायला. अंडी सोललेली दिसली नाहीत तर अंडंच बंद करतील, बिस्किटाचे पुडे सुरू होतील. ते वाटायला स्वयंपाकीण लागत नाही, शिपाई पुरतो. दोनशे मुलांचं अंडं घालवायचंय का तुम्हाला चाळीस मुलांपायी?"

हे बोलणं मावशीला लागलं, कारण त्यात खोट काढता येईना. ती दोन्ही कागद उचलून बाहेर आली.

शाळा सुटली तेव्हा ती फाटकाशी उभी होती. सतरा भिंतीच्या कडेकडेने चालली होती.

"ए सतरा. न्याहारीला का येत नाहीस?"

"भूक नसते."

"दोन दिवस भूक नाही? वाघ मारून खाल्लास काय घरी?"

मुलगी हसली नाही. "मला अंडं आवडत नाही."

"दोन वर्षं मागतेस की."

"मला नाही आवडत. तिला आवडतं." सतराने दप्तराचा पट्टा सारखा केला. "ती विचारते, अंडं कुठंय. मी सांगितलं, कोंबडी आजारी आहे."

आणि मावशीची जीभ दुसऱ्यांदा घसरली. "उद्या ये," ती म्हणाली. "न फुटलेलं ठेवते तुला."

मुलीने तिच्याकडे नीट निरखून पाहिलं, मोठी माणसं बोलतात ते खरं किती धरायचं याचा अंदाज घेत असल्यासारखं. मग मान हलवली आणि गेली.

शुक्रवारी सहा वाजता पाणी चढलं, पावणेसातला अंडी उतरली. जावेने पाट घेतला, गार पाण्याचं भांडं पुढ्यात ओढलं, पहिलं अंडं उचललं.

"ठेव खाली," मावशी म्हणाली.

"म्हणजे?"

"सोलायची नाहीत."

जाऊ तिच्या तोंडाकडे बघत राहिली. "त्या पोरीला शब्द दिलायस, कळलं मला. मग एक ठेव ना बाजूला. पदराखालून दे हळूच. कोण बघतंय? दोनशेपैकी एक."

"पदराखालून कशाला?"

"अगं, नोकरी आहे..."

"अकरा वर्षं खिडकीतून दिलं, दिवसाढवळ्या. आज पदराखालून दिलं की मीच कबूल केलं की आजवर चोरी चालली होती. माझी आणि पोरांची." ती दोन पराती घेऊन आली आणि एक एक अंडं उजेडात धरून बघू लागली. तडकलेलं या परातीत, धड त्या परातीत. "गैरवापर म्हणे. तीन वर्षांच्या पोरीच्या पोटात अंडं गेलं तर गैरवापर. आणि मंगळवारी सत्तावीस अंडी उष्ट्याच्या डब्यात गेली, घाणेरडी दिसतात म्हणून पोरांनी टाकली, तो वापर."

"अंडं बंद झालं तर?"

मावशीचा हात थांबला. रात्रभर तिने याचंच उत्तर शोधलं होतं. "तर लोक म्हणतील, हिच्या तोंडाने दोनदा घालवलं," ती म्हणाली आणि पुढचं अंडं उचललं.

तपासनीस सात वाजून पंचवीस मिनिटांनी आले. मोठ्या बाई त्यांच्या मागे होत्या. बाहेर रांग लागली होती. खिडकी अजून बंद होती. तपासनीसांनी आधी मावशीला नमस्कार केला.

"मावशी, अहवालात तुमचं नाव घालून लिहिलंय मी. तुमच्या प्रामाणिकपणामुळेच ही गोष्ट लक्षात आली. नाहीतर कुणी सांगत नाही."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिवी दिली असती तर एवढी गेली नसती. ती बाजूला झाली आणि टेबलावरच्या दोन पराती तपासनीसांना दिसल्या.

"ही सोललेली नाहीत."

"नाहीत."

"वेळ मिळाला नाही का?"

"मिळाला. सोलली नाहीत."

मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले. तपासनीसांचा आवाज आणखी मऊ झाला. "हे बघा, घरच्यांना मिळू नये असं माझं म्हणणं नाही. पण ही योजना विद्यार्थ्यांची आहे. अंडं विद्यार्थ्याच्याच पोटात जायला हवं, त्याचंच वजन वाढायला हवं. आम्हाला ते दाखवावं लागतं वर."

"विद्यार्थी दोन दिवस न्याहारीलाच आला नाही, साहेब. कागद आल्यापासून. त्याचं वजन कुठे दाखवणार?"

"कोण विद्यार्थी?"

मावशीने तोंड उघडलं आणि मिटलं. तिसऱ्यांदा ती चूक करणार नव्हती. "आहे एक," ती म्हणाली. "आणि तीन वर्षांची पोर कुठल्या योजनेत बसते ते सांगा. मी तिच्या घरी निरोप देते, तिकडे जा म्हणून."

"ते माझ्या विभागात येत नाही."

"मग माझ्या विभागात येतं."

जावेने खाली बघून ओठ चावला. तपासनीस रागावले नाहीत. रागवायची त्यांची रीतच नव्हती. त्यांनी वहीतून एक कोरा कागद काढला, टेबलावर ठेवला, वर पेन ठेवलं. "मग तसं लिहून द्या. आदेश पाळायला नकार दिला म्हणून. मला वर दाखवायला काहीतरी हवं."

"मावशी, लिहू नका," मोठ्या बाई म्हणाल्या. "साहेब, पंधरा मिनिटं द्या, आम्ही तिघी मिळून सोलतो."

मावशीने पेन उचललं. तिला लिहायची सवय नव्हती. अक्षरं मोठी आणि सुटी सुटी यायची. तिने उभ्यानेच लिहिलं, आणि लिहिताना एक एक शब्द बारीक आवाजात म्हणत गेली, त्यामुळे तो खोलीतल्या सगळ्यांना ऐकू आला. मी आज अंडी सोलली नाहीत. मुलं अंडी घरी नेतात हे मीच साहेबांना सांगितलं. मी ते कौतुकाने सांगितलं होतं. साहेबांनी त्याची तक्रार केली. मंगळवारी मी अंडी सोलली, त्यामुळे एका मुलीचा खिसा वर्गात उलटा केला गेला. ती दोन दिवस उपाशी शाळेत बसली. हे साहेबांना आज सांगितलं आहे.

खाली तिने सही केली. मग कागद फिरवून तपासनीसांच्या पुढे सरकवला आणि पेन त्यावर आडवं ठेवलं.

"आता तुम्ही करा. वाचलं म्हणून."

तपासनीसांनी कागद वाचला. शेवटच्या ओळीपर्यंत गेले आणि परत वर आले. "नकारापुरतं लिहायचं होतं. हे बाकीचं यात नको."

"बाकीचं खोटं आहे?"

"खोटं आहे असं मी म्हणत नाही."

"मग करा सही. लेखी आलं की दिसायला लागतं म्हणतात. बाईंनाच विचारा."

मोठ्या बाईंनी मान वर केली नाही. पण अंडी सोलण्याविषयीही त्या पुढे काही बोलल्या नाहीत. त्या खिडकीशी गेल्या आणि फटीतून बाहेर पाहिलं.

"कितीजण आहेत?" तपासनीसांनी विचारलं.

"सगळे आहेत," बाई म्हणाल्या.

रांग गप्प होती, जे कधी होत नसे. सतरा नवव्या नंबरावर उभी होती. तिचे ओठ हलत होते, पाढा चालला होता. कोंबडीचा आवाज काढणारी दोन पोरं तिच्या मागेच होती आणि खिडकीकडे टक लावून बघत होती. शिपाई घंटेखाली येऊन मोठ्या बाईंच्या खुणेची वाट बघत थांबला होता. न्याहारी झाल्याशिवाय घंटा द्यायची नाही हा त्याचा नियम होता, तोही कुठे लिहिलेला नव्हता.

तपासनीसांनी पेन उचललं, टोपण लावलं, पुन्हा काढलं. बाहेर जाऊन कार्यालयाला फोन केला. तो कुणी उचलला नाही. ते आत आले आणि खुर्चीवर बसले.

आठ वाजून चार मिनिटांनी घंटा झालेली नव्हती. कागद टेबलावर होता आणि त्यावर एकच सही होती. अंडी गार झाली होती. मावशीने दुसरी परात खिडकीच्या जवळ सरकवली आणि कडीवर हात ठेवला.